तिळाचे फूल आणि चाफ्याचा ठसा

संक्रांतीच्या दिवशी आमच्या पंढरपुरात पहाटेपासून रुक्मिणीमातेच्या दारी सुवासिनींची दाटी होते. हाती सुगडे, सुगडांत हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि वर चिमूटभर तीळ. आईसाहेबांना ओवसून झाले की त्या एकमेकींना ओवसतात. ओळखदेख नसली तरी हळदीकुंकू लावतात, हातावर तिळगुळ ठेवतात आणि गर्दीत दिसेनाशा होतात. चंद्रभागेवरून येणाऱ्या गार वाऱ्यात हे दृश्य पाहिले, की स्नेहाची एवढी सोपी रीत ज्यांनी घालून दिली त्या पूर्वजांपुढे मस्तक नम्र होते.

परंतु जो दूर आहे त्याच्या हातावर तिळगुळ कसा ठेवावयाचा? आमच्या तरुणपणी हा प्रश्न टपालाने सोडविला होता. पौष लागला की दुकानांतून संक्रांतीची भेटकार्डे येत. तळहाताएवढे कार्ड, वर एखादे फूल, ‘तिळगुळ घ्या, गोड बोला’ ही अक्षरे आणि कोपऱ्यात पारदर्शक कागदाची चिमुकली पुडी. पुडीत हलव्याचे चार-सहा दाणे. पाकीट फोडताच ते दाणे ओच्यात सांडत आणि घरातील मुले ते वेचण्यासाठी धावत. आता शुभेच्छा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतात. एकच चित्र सकाळपासून चाळीस जणांकडून येते. त्यामागील भाव खोटा असतो असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या वाटेने हलव्याचा दाणा पाठविता येत नाही, हेही तितकेच खरे.

वाचकहो, आज या पानावर आम्ही कीर्तनास उभे राहिलेलो नाही. घरच्या घरी फुलांचे ठसे उमटवून संक्रांतीची भेटकार्डे कशी करावीत, एवढेच सांगावयाचे आहे. ही विद्या आम्हांस कोणा पंडिताने दिली नाही. आठवीत शिकणाऱ्या आमच्या नातीने दिली. आणि ती शिकताना आमची स्वतःची एक जुनी चूक आमच्यापुढे येऊन बसली. तीही ओघाने सांगावी लागेल.

मुद्रा आपल्या ओळखीचीच

प्रथम नातीने टेबलावर रबराचे ठसे मांडले तेव्हा आम्ही थोडे नाक मुरडले होते. रबरी शिक्का म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे सरकारी कचेरी, जांभळी शाई आणि ‘पोहोचले’ हा शब्द, एवढेच येत असे. त्या शिक्क्याने सणाचे फूल उमटावे हे मनाला पटेना. पण थोडा विचार करताच आमचे आम्हांलाच हसू आले. ज्या गावी आमचा जन्म गेला त्या गावाचे कपाळच ठशांनी सजलेले! वाळवंटात गोपीचंदनाची वाटी आणि धातूचा ठसा घेऊन बसलेली माणसे येणाऱ्या वारकऱ्याच्या कपाळी विठ्ठलाचे नाव उमटवितात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. माध्व वैष्णवांच्या घरी तर शंख, चक्र, गदा आणि पद्म यांच्या मुद्रा नित्य अंगावर घेतल्या जातात. पद्म म्हणजे कमळच. तेव्हा फुलाचा ठसा ही परक्याकडून आलेली वस्तू नव्हे. ती आपल्या पूजेच्या तबकातच होती.

संस्कृत साहित्यातही मुद्रेचे माहात्म्य थोर आहे. दुष्यंताच्या नाममुद्रेची अंगठी हरवली म्हणून शकुंतलेची ओळख हरवली, आणि अंगठी सापडली तेव्हा स्मृती परतली. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचे सारे कथानक तर राक्षस नामक अमात्याच्या अंगठीभोवती फिरते. ती अंगठी चाणक्याच्या हाती पडते, तिची मुद्रा एका कपटपत्रावर उमटते आणि पाहणारा ते पत्र खरे मानतो. ठसा खरा असला तरी पत्र खरे असेलच असे नाही, ही गोष्ट त्या नाटकाने सांगून ठेवली आहे. आम्ही ती कितीदा श्रोत्यांना सांगितली असेल! स्वतः ऐकली मात्र नव्हती. असो.

रबराचा ठसा त्या मानाने अगदी अलीकडचा. झाडाच्या चिकापासून केलेले साधे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर या उद्योगी गृहस्थाला 1839 साली असे आढळले, की गंधक मिसळून तापविले म्हणजे रबराचे हे दोष जातात. 1844 साली त्याने त्याचे पेटंट घेतले. त्यानंतरच साच्यात दाबून शिक्के करण्याजोगे टिकाऊ रबर मिळू लागले. छापील भेटकार्डाची चालही त्याच सुमाराची. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळासाठी तसे पहिले कार्ड काढले. आपण ती चाल उचलली, तिच्यात तीळ घातले आणि ती आपलीशी केली.

देवाचे चित्र नको, फूल असू द्या

कार्डावर काय उमटवावे? उत्साहाने कोणी विठ्ठलाची मूर्ती सुचवील, कोणी गजानन. भक्तिभाव मान्य, पण आमचे मत निराळे आहे. कार्ड चार दिवस कोनाड्यात राहते आणि पुढे रद्दीत जाते. देवाचे रूप असलेला कागद रद्दीत पडलेला, क्वचित पायदळी गेलेला पाहून कोणत्या भाविकास बरे वाटेल? घेणाऱ्यावर असे ओझे का घालावे? फुलाचे तसे नाही. फूल देवाला वाहिले तरी दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, हे त्याच्या जन्मातच आहे. शिवाय फुलावरून देव ओळखता येतोच. गणेशभक्ताच्या घरी जास्वंद जावी, शिवभक्ताकडे बेलाचे त्रिदल, विठ्ठलाच्या घरी तुळशीची मंजिरी, देवीच्या उपासकाकडे झेंडू किंवा कमळ.

आणि संक्रांतीचे म्हणून खास फूल हवे असेल तर ते तिळाचे. संस्कृत कवींनी नाकाला उपमा दिली ती याच फुलाची. पांढरे, किंचित जांभळी झाक असलेले, खाली लवलेले, लहानशा घंटेसारखे. संक्रांतीला ते पाहावयास मिळत नाही. खरिपाचा तीळ तोवर झोडपून, पाखडून घरात आलेला असतो. आपण सारे तीळ खातो, पण त्याचे फूल कसे असते हे शहरातल्या कित्येक घरांना ठाऊक नसते. कार्डाच्या निमित्ताने मुलांना ते कळले तर तोही लाभच.

कृती

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साहित्य अगदी थोडे: जाड कागद, खोडरबराच्या मोठ्या वड्या, धारदार पाते, शाईची गादी आणि मुख्य म्हणजे संक्रांतीपूर्वीचे दोन-तीन निवांत दुपारचे प्रहर.

कागद हातबनावटीचा मिळाल्यास उत्तम. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. दौलताबादजवळच्या एका गावाचे तर नावच कागजीपुरा पडले. पुण्यातही 1940 साली हातकागद संस्था निघाली. अशा कागदाच्या अंगी खरखरीतपणा असतो. त्यावर ठशाची शाई थोडी शोषली जाते आणि फुलाच्या कडा मऊ होतात. रेघ स्वच्छ हवी असेल तर गुळगुळीत जाड कागद घ्यावा. दुमडण्यापूर्वी विणकामाच्या सुईने घडीच्या जागी एक रेघ दाबून काढावी, म्हणजे घडी फाटत नाही.

बाजारात फुलांचे तयार ठसे मिळतात. पण स्वतः कोरलेल्या ठशाची गोडी वेगळी. पातळ कागदावर मऊ शिसपेन्सिलीने फूल काढावे. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासावा. शिसे रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटे होते. मग जे उमटू नये ते कोरून काढावयाचे. पाते रेघेपासून बाहेर कलते धरावे. रेघेच्या खाली आत शिरेल असे धरू नये, नाहीतर पाकळीची कड पोकळ होते आणि दोन-चार दाबांतच तुटते. हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्यांच्यासाठी आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून दुसरा उपाय आणून दिला. भेंडी आडवी कापली की तिच्या चकतीत पाच पाकळ्यांचे फूल आयते तयार असते. भेंडी आणि जास्वंद या एकाच कुळातल्या, म्हणून तर हे साम्य नसेल? चकती फडक्यावर टिपून कोरडी करावी, रंगात बुडवावी आणि उमटवावी. धाकट्या नातवाने एका दुपारी अशी साठ फुले उमटविली. त्यांतली वीस भिंतीवर होती.

ठसा उमटविताना कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार घड्या घालाव्यात. गादीवर ठसा चोळू नये, हलकेच टेकवावा. कागदावर ठेवल्यावर तो डोलवू नये. बोटांनी सर्वत्र सारखा दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. शाई एकदा घेऊन लागोपाठ दोनदा उमटविले तर दुसरे फूल फिके येते. ते मागे उमललेल्या फुलासारखे दिसते. फुलामागे पान दाखवावयाचे असेल तर ते फूल आणखी एका रद्दी कागदावर उमटवून कापून घ्यावे, कार्डावरील फुलावर ते झाकण ठेवावे आणि मग पानाचा ठसा द्यावा. झाकण उचलले की पान बरोबर फुलाच्या मागे गेलेले असते. ही युक्ती नातीने दाखविली तेव्हा आम्ही लहान मुलासारखे थक्क झालो. काम संपल्यावर ठसा ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवावा. रॉकेल किंवा तेल लावल्यास रबर खराब होते.

रंगांच्या बाबतीत आम्हीही थोडा प्रयोग केला, आणि फसलो. देवघरातील हळद पाण्यात कालवून ठसा दिला. फूल सुंदर पिवळे आले, पण खिडकीतल्या उन्हात आठवडाभरात फिकटले. कुंकू बोटाला लागून पाकळीचे गालबोट झाले. गोपीचंदन अंगावर बसते तसे कागदावर बसेना. वाळताच त्याची पूड झाली. शेवटी शाईच बरी. मात्र एक प्रयोग साधला. संक्रांतीला काळ्या रंगाचा मान. काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरे दागिने, ही शोभा आपण जाणतोच. त्याच धर्तीवर काळ्या कागदावर पांढरे फूल उमटवावे. गादीची साधी शाई काळ्यावर दिसत नाही. त्यासाठी पांढरा पोस्टर रंग स्पंजावर घेऊन ठशाला टिपून लावावा आणि वाळण्यापूर्वी ठसा धुवून टाकावा.

हलव्याची पुडी चिकटविताना एक काळजी घ्यावी. पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तिकीट असते आणि टपालाचा तारखेचा शिक्का तिथेच आपटतो. पुडी त्या बाजूला असली तर दाण्यांचा चुरा झालाच म्हणून समजा. ती खाली डाव्या कोपऱ्याशी ठेवावी आणि दाणे पसरून चपटे करावेत. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो, त्याच्या आत वजन राहील असे पाहावे. लाडू पाठविण्याचा मोह टाळावा.

राहिलेले एक नाव

गेल्या संक्रांतीच्या आधी अशी चाळीस कार्डे तयार झाली. नात यादी घेऊन बसली. आम्ही नावे सांगत होतो, ती पत्ते लिहीत होती. यादी संपली तेव्हा तिने सहज विचारले, “आजोबा, पेटीवाल्या मास्तरआजोबांना नाही पाठवायचं?”

आम्ही पंचांग चाळू लागलो.

मास्तरांनी आम्हांस चोवीस वर्षे पेटीची साथ केली. गावोगावच्या उत्सवांत, एस.टी.च्या मागच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसून, देवळाच्या ओवरीत एका कांबळ्यावर झोपून. चाफ्याच्या दिवसांत पेटीवर भात्याशेजारी एक सोनचाफा ठेवावा आणि मग सूर धरावा, हा त्यांचा नेम. एका गावी उत्तररंगात आम्ही सुदाम्याचे आख्यान लावले होते. मैत्रीचे वर्णन रंगात आले असता पेटीचा एक सूर अडकून एकसारखा वाजत राहिला. आमचा रंग मोडला. श्रोत्यांसमोर आम्ही म्हणालो, “मास्तर, पेटी थकली की तुम्ही?” सभामंडप हसला. आम्हीही हसलो. मास्तरांनी भाता मिटला, आरती होईपर्यंत मान खाली घालून बसले, आम्हांस नमस्कार करून “येतो, बुवा” एवढेच म्हणाले आणि रात्रीच्या गाडीने निघून गेले. पुन्हा आले नाहीत. सूर अडकला तो पट्टीखाली कचरा शिरला म्हणून, हे दुसऱ्या दिवशी पेटी उघडताच दिसले होते. तेवढे सांगणारे पत्र आम्ही लिहू शकलो असतो. लिहिले नाही. लहान माणसाने आधी यावे असे वाटत राहिले. अशी सहा वर्षे गेली. आणि त्या सहाही वर्षी प्रत्येक संक्रांतीला व्यासपीठावरून आम्ही ‘गोड बोला’ याचे निरूपण करीत होतो.

नातीच्या प्रश्नाने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी खोडरबराची एक वडी मागून घेतली आणि सोनचाफा कोरावयास बसलो. साठी उलटल्यावर हात कापतो; पहिल्या दोन वड्या वाया गेल्या. तिसरीवर लांब, निमुळत्या पाकळ्या कशाबशा साधल्या. मग आमची विद्वत्ता जागी झाली. फुलाखाली ‘क्षमस्व’ हा शब्दही कोरावा असे मनात आले. संस्कृत शब्द, भारदस्त, आणि मुख्य म्हणजे ठशाचा. त्यात आपले हस्ताक्षर नको की काही नको. मोठ्या कष्टाने तो कोरला, उमटविला, आणि पाहतो तो अक्षरे उलटी! ठशात अक्षर उलटे कोरावे लागते, हा पहिलाच धडा आम्ही विसरलो होतो.

नात हसली नाही. एवढेच म्हणाली, “आजोबा, शब्द कोरू नका ना. लिहा की हातानं.”

मुलांना काय ठाऊक असते आणि काय नसते, कोण जाणे. आम्ही चाफ्याचे एक फूल कार्डावर उमटविले, दौत-लेखणी घेतली आणि लिहिले: “मास्तर, त्या रात्री पेटी थकली नव्हती, तुम्हीही नव्हता. चूक माझी होती. तिळगुळ घ्या.” एरवी आमच्या लेखणीस ‘आम्ही’ची सवय, तिथे ते लिहवेना. आणि ‘गोड बोला’ असेही पुढे लिहिले नाही. ते सांगण्याचा अधिकार आमचा नव्हता.

संक्रांत झाली. सगळीकडून तिळगुळ आला, त्यांचा आला नाही. आम्ही मनाशी म्हटले, पत्ता बदलला असेल. मग म्हटले, पत्ता तोच असेल. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी पोस्टमनने एक साधे पोस्टकार्ड आणून दिले. अक्षर ओळखीचे, थोडे वाकडे झालेले. त्यात एवढाच मजकूर होता: “बुवांना सा. नमस्कार. तिळगुळ पावला. दोन दाणे फुटले होते, तरी गोड होते. आवाज अजून काळी एकच आहे, की उतरला? पेटी त्याप्रमाणे जुळवावी लागेल, म्हणून विचारतो.”

आम्ही ते कार्ड देवापुढे ठेवले आणि त्याच दिवशी उलट टपाली खरे ते कळविले, की आता पांढरी एक.

सांगावयाचे तात्पर्य इतकेच, की यंदा आपल्या घरी कार्डे कराल तेव्हा यादी एकट्याने करू नका. मुलांना जवळ बसवा. कोणते नाव आपण गाळतो हे त्यांच्या ध्यानात येते. त्या नावासाठी फूल स्वतः कोरा, आणि मजकूर मात्र हाताने लिहा. कार्डे संक्रांतीच्या आधी आठवडाभर टपालात पडलेली बरी. परंतु हात अडखळला, दोन वड्या वाया गेल्या आणि उशीर झाला, तरी खंत करू नका. आपल्या पूर्वजांनी त्याचीही सोय करून ठेवली आहे. तिळगुळ रथसप्तमीपर्यंत चालतो.